फक्त एकदा वापरलेली बंदूक

एका जंगलात, मुलांनो, घरटी एक बंदूक होती आणि शिकार मात्र एकटा बिबट्याच करायचा.

बंदुका ठासणीच्या होत्या. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंध्या कोंबायच्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि हे सगळं लांब गजाने ठासून घट्ट बसवायचं. एवढं होईपर्यंत बिबट्याचं जेवण उरकलेलं असायचं.

दरवर्षी होळी झाली की माळावर महिनाभर या बंदुकांचं प्रदर्शन व विक्री भरायची. उद्घाटनाला बिबट्याच असायचा. तो दातांनी फीत तोडायचा आणि म्हणायचा, "स्वसंरक्षण ही काळाची गरज आहे." सगळे टाळ्या वाजवायचे. पुढच्या रांगेतले जरा बेतानेच वाजवायचे.

या प्रदर्शनाचा एक रिवाज होता. सांगितलेला भाव कोणी देत नसे. गिऱ्हाइकाने बंदुकीत खोट काढायची आणि दुकानदाराने भाव उतरवायचा. चापाला गंज असला तर एक टोपली कमी. दस्त्याला चीर असली तर आणखी एक. टोपल्या मोहाच्या फुलांच्या. ज्याला खोट काढता येत नाही त्याला जंगलात कोणी शहाणं म्हणत नसे. आणि जो सगळ्यांत शहाणा, त्याच्या घरात सगळ्यांत खराब बंदूक असे.

याच जंगलात केरबा आणि म्हादू असे दोन साळिंदर भाऊ राहायचे. केरबा थोरला, म्हादू धाकटा. पाठीवर काटे, म्हणून बिळात त्यांना पाठीला पाठ लावून झोपता येत नसे. ते डोक्याला डोकं लावून झोपायचे.

साळिंदराला बंदूक कशाला, असं तुम्ही विचाराल. बिबट्या तर त्याच्या वाटेलाही जात नाही. केरबालाही हे ठाऊक होतं. पण आठ टोपल्यांची बंदूक पाच टोपल्यांत मिळत होती.

"गज वेगळा पडेल," दुकानदार गुणाजी तरस म्हणाला होता.

केरबाने गज घेतला नाही. घरी बांबूची काठी होती.

आता मुलांनो, जुनी बंदूक घेतली की आधी रिकाम्या नळीत गज सोडून बघतात. तळापर्यंत गेला तर नळी रिकामी. मध्येच अडला तर आत कोणाची तरी जुनी दारू भरलेली आहे. केरबाची काठी मुळातच आखूड. ती कुठवर गेली ते त्याला कळलं नाही. आतल्या जुन्या दारूवर त्याने आपली नवी दारू ठासली. मग समोरच्या झाडावरच्या एका कवठावर नेम धरला आणि म्हादूला म्हणाला, "कान झाक."

म्हादूने कान झाकले.

ते कवठ अजून झाडावर आहे.

गुणाजी तरस दहाव्याला आला. खूप रडला. तरसाचं रडणं आणि हसणं सारखंच ऐकू येतं, पण दहावा होता म्हणून सगळ्यांनी ते रडणंच धरलं. जाताना तो म्हणाला, "असली अशुभ वस्तू घरात ठेवू नका, आई." आणि फुटकी बंदूक काखेत मारून घेऊन गेला. म्हादूच्या आईने त्याचे आभार मानले.

म्हादू दहा दिवस काही बोलला नव्हता. अकराव्या दिवशीही बोलला नाही. बाराव्या दिवशी घरात बसवेना म्हणून उठला आणि माळावरच्या प्रदर्शनात गेला. त्याला काही घ्यायचं नव्हतं. आपण का आलो हेही त्याला माहीत नव्हतं.

गुणाजीच्या दुकानात पुढेच ती बंदूक मांडली होती. नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली. तारेखाली लाख. लाखेवर काजळी. दस्त्यावर मात्र दोन दातांचे ओरखडे तसेच होते. बंदूक घरी आली त्या दिवशी म्हादूनेच तो दस्ता कुरतडला होता. केरबाने त्याला एक चापट मारली होती.

बंदुकीला चिठ्ठी लावली होती. म्हादूची शाळा दोन इयत्तांची. त्याने ओठ हलवत वाचलं. फक्त. एकदा. वापरलेली.

त्याचं वाचून होईपर्यंत भिवाजी रानडुकराने बंदूक खांद्याला लावूनही पाहिली होती. भिवाजीला सात पिल्लं. सातही त्याच्या पायांत घुटमळत होती.

"भिवाकाका, ती ठेवा," म्हादू म्हणाला.

"का रे?"

"नळी फुटलेली आहे. तारेखाली बघा."

भिवाजीने तार सरकवून काजळी खरवडली. खाली लाख निघाली. तो गुणाजीकडे वळला. "काय शेठ, पोरगं काय म्हणतंय?"

"आता पोरानं खोट काढलीच आहे," गुणाजी म्हणाला, "तर सहाच्या चार करू."

"चार," भिवाजी खुशीत म्हणाला आणि हळूच म्हादूला म्हणाला, "शाबास. आणखी काही दिसतंय का बघ."

"काका, खरंच घेऊ नका. ही पुन्हा फुटेल."

"तीन," गुणाजी म्हणाला.

आजूबाजूला चारसहा जण जमले. स्वस्त काही मिळतंय म्हटलं की जंगलात असे लगेच जमतात.

म्हादूचे काटे उभे राहिले. "माझा दादा मेला हिच्यापायी. हातात फुटली. मी तिथंच होतो."

 गुणाजीने मान खाली घातली. थोडा वेळ तशीच ठेवली.

"ही खोट मोठी आहे," तो म्हणाला. "नाही म्हणता येत नाही. दीड."

"मी घेतो," मागून एक भेकर म्हणालं.

"आधी मी आलोय," भिवाजी म्हणाला. त्याने म्हादूच्या पाठीवर थाप मारली, काटे टोचले, तरी हसला. "रडायचं थांबू नको रे. एकीवर येतंय."

म्हादू खरंच रडत होता. रडू आवरेना, आणि तो रडेल तितका भाव उतरत होता. आता अर्धी टोपली झाली. या माळावर अर्ध्या टोपलीत बंदूक कधी कोणी पाहिली नव्हती. भेकर आणि भिवाजी दोघांनी तिची एकेक बाजू धरली. भिवाजीचं सगळ्यांत लहान पिल्लू नळीच्या तोंडात नाक घालून बघत होतं.

तेवढ्यात शेजारच्या दुकानात एक भाबडा ससा हातातली बंदूक बघून म्हणाला, "छान आहे हो." दुकानदाराने तिथल्या तिथे दोन टोपल्या वाढवल्या. सशाने तोंडावर हात ठेवला. बायको त्याला ओढत घेऊन गेली.

म्हादूने ते पाहिलं.

त्याने डोळे पुसले. मग त्या बंदुकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "चांगली आहे पण."

"काय?" भिवाजी म्हणाला.

"चांगली आहे. अशी बंदूक नाही."

"तीन," गुणाजी चटकन म्हणाला.

"बार केवढा झाला होता. तीन डोंगरांपलीकडं ऐकू गेला."

"सात."

"अरे, गप की," भिवाजी कुजबुजला. "सौदा बिघडवतोस."

म्हादूला थांबता येत नव्हतं. "दादाला फार आवडायची. आणल्यापासून खाली ठेवली नाही. जेवताना मांडीवर. झोपताना आमच्या दोघांच्या मधे." त्याने दस्त्यावरच्या ओरखड्यांवर बोट ठेवलं. "नशीब लागतं अशी मिळायला."

"वीस," गुणाजी म्हणाला. त्याला स्वतःलाच ती बंदूक आता आवडू लागली होती.

भेकराने आपली बाजू सोडली.

"पहिल्याच बाराला काम झालं," म्हादू म्हणाला. "दुसरा टाकावा लागला नाही."

"साठ."

भिवाजीने बंदूक खाली ठेवली. सात पिल्लं मोजून घेतली आणि म्हादूकडे न बघता निघून गेला. जमलेले सगळे पांगले. साठ टोपल्यांची वस्तू बघायलाही कोणी थांबत नाही.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस कलला, दुकानं आवरायला लागली. उरलेला माल परत न्यायचा तर हत्तीचं भाडं पडायचं. गुणाजीने म्हादूकडे रागाने पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता.

"एवढी चांगली आहे ना? मग ने तूच. फुकट ने."

म्हादूने बंदूक उचलली.

"गज वेगळा पडेल," गुणाजी म्हणाला.

म्हादू गेला तो थेट नदीच्या डोहावर. मधोमध, जिथे पाणी काळं दिसतं, तिथे त्याने ती टाकली. मग काठावर बसून राहिला. त्याला वाटलं होतं की आता बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी भिवाजी बिळापाशी आला. त्याचा राग गेला होता.

"म्हाद्या, मानलं तुला," तो म्हणाला. "आधी खोट काढलीस. मग भाऊ काढलास. आम्ही सगळे गोळा झालो तसा फिरलास आणि कौतुक सुरू केलंस. आम्हाला पळवलंस आणि फुकट घेऊन गेलास. या माळावर असा सौदा कोणाच्या बापाने केला नाही."

"काका, दादा खरंच गेला."

"ते माहीत आहे रे. मी आलो नव्हतो का दहाव्याला? पण दुसरा कोणी नुसता रडत बसला असता."

म्हादू काही बोलला नाही. भिवाजीने तीही हुशारी धरली.

गोष्ट जंगलभर झाली. पुढच्या वर्षी प्रदर्शनात जो तो डोळे पुसतच आला. त्या वर्षी सगळ्यांचेच भाऊ मेलेले होते. ज्यांना भाऊ नव्हते त्यांचेही मेले होते. गुणाजी तरसाने दुकानावर पाटीच लावली: भाऊ गेल्याची सूट, अर्धी टोपली. एका घरी एकदाच.

तात्पर्य: मुलांनो, घातक वस्तूबद्दल कधी खरं सांगू नये, त्याने ती स्वस्त होते. आणि दुःख शक्यतो घरीच करावं. बाजारात त्यावर सूट मिळते.