हलगेकरअण्णांचं अर्धं घर

हलगेकरअण्णांकडे चहाला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दिसेल त्या खुर्चीवर बसू नका. त्यांच्या हॉलमध्ये जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लाल ऑइलपेंटची एक रेघ मारलेली आहे. रेघेच्या अलीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आहेत. पलीकडे चांगला गुबगुबीत सोफा आहे. रेघ मारल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो आणि नेहमीसारखा सोफ्यावर टेकलो, तर अण्णा ओरडले, "उठा, उठा की ओ साठे! तुमी नाल्यात बसलासा!"

मी दचकून पँट चाचपली. कोरडी होती.

आमची गल्ली बेंगळुरूत सर्जापूर रोडच्या एका फाट्यावर आहे. एकमेकांना जवळजवळ खेटून बांधलेली सात घरं, मागे एक भिंत आणि भिंतीपलीकडे नाला. घर घेताना बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याला 'निर्झर' म्हटलं होतं. राहायला आल्यावर वास घेऊन आम्ही त्याला गटार म्हणू लागलो. खरं म्हणजे तो राजकालुवे, एका तळ्याचं जास्तीचं पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारा जुना मोठा नाला. आमच्याकडचं पाणी पुढे बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे जातं. अशा नाल्याच्या दोन्ही अंगांना ठरावीक जागा मोकळी सोडायची, तिथे एक वीटही रचायची नाही, असा नियम आहे. नियम सगळ्यांना मान्य आहे. ठरावीक म्हणजे किती, ती कुठून मोजायची, आणि आमच्या बिल्डरने मोजली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते की मिटलेले, एवढाच काय तो वाद.

गल्लीत पूर आला त्यानंतर सर्वेवाले आले. साखळ्या टाकून, जुना नकाशा पसरून त्यांनी प्रत्येक घराच्या बाजूच्या भिंतीवर लाल रेघ ओढली. रेघेच्या पुढचं घर आपलं, मागचं नाल्याचं. सातही घरांची स्वयंपाकघरं नाल्यात निघाली. सहा घरांनी दोन दिवसांत ती रेघ पुसून टाकली. आमच्या भिंतीवर मी स्वतः रंगाचे दोन हात मारले. शेड बायकोने निवडली, ऑफ-व्हाइट.

अण्णांनी मात्र बाहेरची रेघ मोजत मोजत घराच्या आत आणली आणि दुसऱ्या दिवसापासून ते कायदेशीर अर्ध्यात राहू लागले.

स्वयंपाक जिन्याखाली, एका बर्नरच्या शेगडीवर. झोपायला दाराशी चटई. फ्रीजची वायर जेमतेम पोचायची म्हणून तो नेमका रेघेवर उभा होता, पण दार अलीकडे उघडतं एवढं समाधान त्यांना होतं. संडास पलीकडे होता, त्याला इलाज नव्हता. "तेवढं एक अतिक्रमण करतो," असं म्हणून ते खाली मान घालून जायचे आणि झटकन परत यायचे.

राहायला एकटेच होते. त्यांची बायको इंदूअक्का भाचीच्या बाळंतपणाला खानापूरला गेली होती, असं ते सांगायचे. हे बाळंतपण वर्षभर चाललं होतं. माझी बायको म्हणायची, "एव्हाना बाळाचं प्ले-ग्रुपचं अॅडमिशन झालं असेल." पण अण्णांना तोंडावर कोणी विचारत नव्हतं.

अण्णा मूळचे खानापूरकडचे. तरुणपणी बेंगळुरूला आले आणि चाळीस वर्षं चिकपेटातल्या एका दुकानात कापड मोजत राहिले. दुकान सुटलं, लोखंडी मीटरपट्टी मात्र शेठने निरोपाच्या दिवशी त्यांनाच देऊन टाकली. त्या पट्टीने त्यांनी आमच्या गल्लीतलं काय मोजलं नाही ते विचारा. स्पीडब्रेकरची उंची, पार्किंगची रुंदी, सोसायटीच्या गणपतीची मूर्ती. बिल्डरचा नकाशा पाहून ते म्हणाले होते, "ताणून मोजलंय." ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. कापड मोजताना दुकानदार ते हळूच ताणतो, गिऱ्हाइकाला पुरं वाटतं, आणि शिवायला घेतलं की कमी भरतं. मी एकदा फुशारकीने म्हणालो की मी रोज चौदा तास काम करतो. अण्णांनी शांतपणे विचारलं, "ताणून की सैल?" तेव्हापासून मी कामाचे तास सांगणं सोडलं.

आता त्या पुराचं सांगतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

सकाळी दार उघडलं तर गल्लीत कमरेएवढं पाणी. अण्णा आदल्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला बेळगावला गेलेले. आम्हाला बाहेर काढायला ट्रॅक्टर आला. मी लॅपटॉप डोक्यावर धरून चढलो आणि नऊची मीटिंग ट्रॅक्टरवरूनच केली. ही गोष्ट पुढे मी ऑफिसात फार रंगवून सांगत असे. ट्रॅक्टर अण्णांच्या दारावरून गेला तेव्हा बायको म्हणाली, "अक्का कुठे दिसल्या नाहीत." मी म्हणालो, "दोघंही लग्नाला गेली असतील." एक हाक मारून बघायची, तर तीही मारली नाही. कॅमेरा ऑन होता.

इंदूअक्का आत होत्या. पाय सुजला म्हणून त्या लग्नाला गेल्याच नव्हत्या. सुजल्या पायाने पाण्यातून जिन्यापर्यंत जाणं जमेना, म्हणून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्या होत्या. फोन पाण्यात गेलेला. रिकामा सिलिंडर तरंगत तरंगत ओट्यावर धडकत होता, आणि दर धडकेला त्यांना वाटायचं की कुणीतरी दार वाजवतंय. त्या "आले, आले" म्हणून ओरडायच्या. हे त्यांनीच नंतर माझ्या बायकोला सांगितलं, हसत हसत सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या बाळंतपणाला गेल्या.

पाडकामाच्या नोटिसा आल्या, आणि गल्लीतली सहा घरं कोर्टातून स्टे आणायच्या तयारीला लागली. सातही सह्या असतील तर बरं, असं वकील म्हणाले. मराठी मराठीत बोलणं होईल म्हणून अण्णांकडे मला पाठवलं. मी कायदेशीर खुर्चीवर बसून कागद पुढे केला.

"सही करतो की," अण्णा म्हणाले. "पण पाणी कुठं जायचं तेवढं सांगा."

"अण्णा, ते सरकार बघेल. पंप लावतील. नवीन टेक्नॉलॉजी आहे."

"पंप पाणी उचलतंय ओ, पण ठेवायचं कुठं? तुमच्या टेक्नॉलॉजीत?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "हे बघा साठे. सुती कापड धुतलं की आटतंय. म्हणूनशान कापताना दोन बोटं जास्त सोडायची. नाला पावसात फुगतोय, म्हणूनशान त्याला जागा सोडायची. हिशेब तोच हाय. ती दोन बोटं आपण सातजण खाऊन बसलोय."

"आणि तुमचं घर पाडलं तर?"

"अर्धं ऱ्हातंय की. दोन माणसांना पुरतंय."

"दोन?" मी चुकून बोलून गेलो.

अण्णा जिन्याखालच्या शेगडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाळंतपण कसलं साठे. ते बाळ धावायला लागलं. ती पाण्याला भिऊन गेलीय. पाऊस पडला की तिथंबी माडीवर जाऊन बसतीय म्हणं. पाण्याची वाट मोकळी होईस्तोवर येत न्हाई म्हणाली. चूक हाय काय तिचं?"

चूक नव्हती. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली, आणि तरीही मी सहा सह्यांचा कागद घेऊन घरी आलो. माझंही स्वयंपाकघर होतं, मुलीची खोली त्याच्या वरच होती. माणसाला लाज वाटते आणि माणूस स्टेही आणतो, या दोन्ही गोष्टी एका दिवसात आरामात होतात. सातव्या सहीवाचून काही अडलं नाही.

तिकडे अण्णांनी 'माझं आधी पाडा' असा अर्ज केला. महापालिकेच्या ऑफिसात पंचाईत झाली. पाडू नका म्हणणाऱ्या अर्जाचा नमुना तयार होता, पाडा म्हणणाऱ्याचा नव्हता. एका टेबलावर त्यांना विचारलं, "घरात वाटणीचं भांडण आहे का?" दुसऱ्या टेबलावर सांगितलं, शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र आणा. ते मात्र आम्ही सहाही जणांनी त्याच दिवशी दिलं. दुसऱ्याचं पाडायला आमची हरकत कधीच नव्हती.

शेवटी एका मंगळवारी जेसीबी आला. अण्णांनी धुतलेला शर्ट घातला होता. ड्रायव्हरला आधी चहा दिला, मग मीटरपट्टी घेऊन रेघ पुन्हा मोजून दाखवली. यंत्राचा पंजा वीतभर पुढे आला की हे पट्टी उगारून आडवे व्हायचे, "स्वल्प मागं, स्वल्प मागं घे! ते माझं हाय!" आणि पंजा मागे गेला की, "आता मार. ते नाल्याचं." सोफ्याची जागा, ओटा, वरची झोपायची खोली, सगळं दुपारपर्यंत खाली आलं. ओटा पडताना तेवढी त्यांनी पाठ फिरवली. मग जेसीबी आमच्या घराकडे वळला, वकिलांनी कागद दाखवला, आणि तो आला तसा निघून गेला.

आता आमच्या गल्लीमागे गेलात तर एक विचित्र देखावा दिसतो. तीन घरं नाला चिंचोळा, मग अण्णांच्या मागे एकदम ऐसपैस, मग पुन्हा तीन घरं चिंचोळा. सगळ्यात अरुंद जागेतून जेवढं जाईल तेवढंच पाणी पुढे जाणार. हे कळायला माझी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही आणि अण्णांना तर मुळीच नको. त्यांनी माझ्यासमोर दोन्ही बाजूंची मापं घेतली होती. आमच्या भिंतीजवळचं माप घेताना त्यांनी पट्टी दोनदा लावली, आकडा बघितला आणि मला काहीच सांगितलं नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पावसाळा तोंडावर होता. त्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर बसलो होतो. आत नवी भिंत घातलेली, जिन्याशी नवा संडास, प्लास्टर ओलं. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. त्यांनी खानापूरला फोन लावला.

"झालं बघ," ते म्हणाले. "वाट मोकळी झाली. ये आता."

पलीकडून इंदूअक्कांचा आवाज आला. "आपलं पाडलं ते कळलं. शेजारच्यांचं?"

मी अण्णांकडे बघितलं. चाळीस वर्षांत ज्याने गिऱ्हाइकाला बोटभर कापड कमी दिलं नाही, तो माणूस हातातला फोन या हातातून त्या हातात करत होता.

"सगळ्यांचं पाडलं," अण्णा म्हणाले. "सातीच्या सात."

"खोटं बोलायलासा."

"न्हाई ग. हे साठे बसल्यात इथं. त्यांस्नी विचार." आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझ्याकडे ते बघत नव्हते, समोर रस्त्याकडे बघत होते.

शेजारून, आमच्या स्वयंपाकघरातून, कुकरची शिट्टी झाली. मी घाईने फोनवर तळवा ठेवला आणि शिट्टी थांबेपर्यंत थांबलो.

"हो अक्का," मी म्हणालो. "आमचंही पाडलं."

"अगबाई," इंदूअक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग तुमी जेवायलासा कुठं? पोरीला बाहेरचं घालू नका ओ. मी परवाच्या गाडीनं येते. तुमचं स्वयंपाकघर उभं ऱ्हाईस्तोवर तिघंबी माझ्याकडंच जेवा."

मी "बरं" म्हणालो. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि गाडीतून यशवंतपूरला उतरायचं की सिटी स्टेशनला, ते तिला नीट समजावून सांगू लागले.