परचुरे सरांची मॉनिटर

मी सोसायटीच्या गेटपाशी आडवी पडले होते, मेथीची जुडी अंगाखाली होती, आणि माझ्या पायाशी दोन कुत्री एकमेकांना फाडत होती. त्यातल्या एकीचा पट्टा माझ्या पायांना गुंडाळलेला. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आमचे परचुरे सर. तेही आडवे, आणि पडल्यापडल्या कवायतीच्या आवाजात ओरडत होते, "मॉनिटर, पीछे मुड! पीछे मुड!"

मॉनिटर वळली नाही. वॉचमन वळला. तो पूर्वी लष्करात होता.

शेवटी माळ्याने पाण्याचा पाइप सोडला तेव्हा सगळे सुटले. ब्रुनोचा कान फाटला, सरांचं कोपर सोललं, माझा घोटा मुरगळला आणि मेथी वाया गेली. ब्रुनो हा आमच्या सेक्रेटरी वानखेड्यांचा लॅब्रेडॉर. गादीएवढा आणि स्वभावाने गादीच. मॉनिटर सरांची.

परचुरे सर नारायण पेठेतल्या शाळेत पीटी शिकवायचे. मीही त्याच पेठेतली. मुलाला कॉम्प्युटरची नोकरी लागली आणि आम्ही खराडीला आलो. पुढे निवृत्त झाल्यावर सरही बायकोला घेऊन आमच्याच इमारतीत आले. सुमनबाई इथे आल्यावर फार दिवस काढू शकल्या नाहीत. त्यानंतर सर म्हणजे नुसता आवाज उरला. लिफ्टमध्ये दोन माणसं दिसली की "एका रांगेत!" माझ्या सुनेने एकदा गुड मॉर्निंग म्हटलं, तर "आधी पाठ सरळ ठेवा" असं उत्तर मिळालं. पेपरवाला, इस्त्रीवाला, पाण्याचा टँकरवाला, सगळ्यांशी भांडून झालं होतं. माझ्याशी रोज.

आमच्या मागे एक कुत्र्यांचं अनाथालय आहे. तिथे फार भुंकतात म्हणून सर तक्रार करायला गेले, आणि त्यांतली सगळ्यांत जास्त भुंकणारी घेऊन परत आले.

"हे काय, सर?"

"काकू, ही त्या सगळ्यांवर एकटी ओरडत होती. वर्ग सांभाळायची ऐपत आहे तिच्यात." म्हणून नाव मॉनिटर.

ऐपत कसली, घाबरट होती ती. हिंजवडीच्या रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्यांनी तिला पिल्लू असताना लोळवलं होतं. डावा कान अर्धाच होता. माणसांचं तिला काही नाही. पण लांब कुठे कुत्र्याचं शेपूट दिसलं तरी तोंडाला फेस. समोरचा काही करायच्या आत आपणच तुटून पडायचं, ही तिची रीत. सरांची आणि तिची जोडी का जमली ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गेटपाशी झालेल्या प्रकारानंतर वानखेडे सरांच्या दारात आले. नागपूरकडचा माणूस, मनाने वाईट नाही. "सर, काय करून राहिले तुम्ही? आजी मरता मरता वाचली. दिवाळीनंतरच्या मीटिंगला तुमची कुत्री माझ्या ब्रुनोच्या शेजारून शांत गेली पाहिजे. नाही तर ती जिथून आणली तिथे जाईल."

सरांनी नुसती मान हलवून दार लावलं. त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. मी घोटा शेकत बागेच्या बाकावर बसायची, म्हणून सगळं बघितलं. सरांची पद्धत साधी होती. लांब कुत्रं दिसलं की मॉनिटर ओरडायच्या आत "पीछे मुड" म्हणायचं, स्वतः वळायचं, तिला वळवायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. पहिल्या दिवशी खाऊ म्हणून त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढली. मॉनिटरने ती त्यांच्या बुटावर थुंकली.

"अहो, कुत्र्याला लिमलेट कोण देतं?"

"का? गुण येतो," सर म्हणाले.

मग मी सांगितलं म्हणून कोंबडी आली. आयुष्यभर कांदासुद्धा बेताने खाल्लेला हा माणूस नाकाला पंचा बांधून कुकरमध्ये कोंबडी शिजवायला लागला. शिट्टीगणिक वरच्या मजल्यावर कुजबुज वाढत गेली.

पण ठरवून समोर उभं करायला एक कुत्रं हवं होतं. वानखेडे रोज हिंजवडीला कामाला जाऊन रात्री उतरल्या चेहऱ्याने परत येणार. मी त्यांना म्हटलं, "ब्रुनोला संध्याकाळी माझ्याजवळ ठेवा. मलाही कुणीतरी सोबतीला." ते खूश झाले. कशासाठी, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ब्रुनो माझ्या पायाशी घोरत पडायचा आणि पार्किंगच्या टोकाला मॉनिटरची कवायत चालायची. तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून घसरगुंडीपर्यंत अशी ती जवळ येत गेली. मधे एकदा बिघडलं, भलतंच भुंकली. सर तिला काही बोलले नाहीत, निमूट टाकीपाशी परत गेले. या माणसाला चुकणाऱ्यावर न ओरडता येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मला दया वगैरे आली नव्हती. कुत्री गेली असती तर हे गृहस्थ दिवसभर माझ्या बाकावर येऊन बसले असते.

मीटिंगच्या रविवारी सगळी कमिटी बागेत. वानखेड्यांच्या हातात ब्रुनोचा पट्टा. सर मॉनिटरला घेऊन निघाले. पाठ सरळ, मुठीत कोंबडी. मॉनिटरने ब्रुनोकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं, कोंबडी घेतली आणि पुढे गेली. ब्रुनोने जांभई दिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वानखेडे म्हणाले, "मानलं बा सर तुम्हाला! फक्त फिरवताना तोंडाला जाळी बांधत जा, म्हणजे झालं."

संपलं. सरांच्या मानेची शीर फुगली. "जाळी? तुम्ही मला सांगणार? रस्त्यावर उभं राहायची शिस्त नाही तुम्हा लोकांना…"

"मग न्या परत सोडून!" वानखेडेही लाल झाले.

मॉनिटर गप्प होती. भुंकत होते सर. जमलेलं सगळं ते आता स्वतःच मोडणार होते. मी चौथीपर्यंतच शिकले, पण शाळेत कवायत केलेली आहे. बाकावरून उठले आणि पोटातून ओरडले, "परचुरे! पीछे मुड!"

सर वळले. मॉनिटर वळली. वॉचमनही वळला.

मी लंगडत त्यांच्यापर्यंत गेले. पाठमोरे उभे राहून ते लिमलेटच्या गोळीचा कागद सोडवत होते. बोटं ऐकत नव्हती. मी सोडवून दिला.

"सुमन असंच करायची," ते म्हणाले. "मी कंडक्टरशी, हेडमास्तरांशी, कुणाशीही सुरू झालो की मागून बाही ओढायची. 'अहो, वळा.' आणि हातावर गोळी. गोळ्या अजून आणतो मी. पण आपलं आपल्याला वळता येत नाही, काकू."

"म्हणजे शिकवून तयार झालेलं पहिलं कुत्रं तुम्हीच," मी म्हटलं.

ते हसले की गोळी गालात फिरवली, कळलं नाही. मग परत जाऊन वानखेड्यांना म्हणाले, "जाळी आणतो." आणलीही. मॉनिटर ती सुखाने घालते. सरांच्या मापाची मिळाली नाही, म्हणून संध्याकाळी मला त्यांच्याबरोबर फिरावं लागतं. गोळ्या माझ्या पिशवीत असतात.

त्या दिवशी गेटपाशी आम्ही चौघं एकमेकांत अडकलो होतो. दोन कुत्री, सर आणि मी. चौघंही अजून इथेच आहोत.