बाबांनी रिसेप्टर तासला

प्रथिनाचा आकार एकदा हाती आला की औषध निम्मं झालंच म्हणून समजा! हे वाक्य मी इतक्या थाटात म्हणते, की उरलेलं निम्मं मी पर्समध्ये घेऊन फिरते असं ऐकणाऱ्याला वाटावं.

आमच्या प्रयोगशाळेत रिसेप्टरवर काम चालतं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरचं कुलूप. त्याची खोबण नीट पाहायची आणि तिच्यात चपखल बसेल असा रेणू घडवायचा. आमचा रेणू संगणकावर चार वर्षं बसायला तयार नव्हता. गुरुवारी समिती येणार होती, काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवायला.

"मोठं मॉडेल हवं," सर म्हणाले. "हातात धरून दाखवता येईल असं."

"माझे बाबा सुतार आहेत," मी लगेच म्हटलं.

खरं कारण वेगळं होतं. आई गेल्यापासून पाच महिने बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. जेवलात? हं. झोप लागली? हं. जन्मभर शेजाऱ्यांच्या दारांना नावं ठेवणारा माणूस, आता आमचंच दार कुरकुरलं तरी गप्प! त्यांच्या तोंडून एक अख्खं वाक्य निघावं, एवढंच मला हवं होतं.

मी मापं दिली: खऱ्याच्या दहा कोटी पट. सात पीळदार खांब, मधे खोबण आणि एक सुटा रेणू. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी! गॅलरीत पटाशी चालू होती.

गुरुवारी मॉडेल उचलून आणायला बाबाही आले. समितीपुढे सरांनी लाकडी रेणू उचलला, खोबणीवर धरला आणि दाबला. खट्!

बसला! डबीत साबण बसावा तसा!

"शेपटासकट बसला!" आमचा रसायनवाला ओरडला. रेणूचं लांब शेपूट ही त्याची दहा वर्षांची कमाई. "संगणकच चुकत होता! मी म्हणतच होतो!"

सरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी औषधाला नाव सुचवलं. गोळी काढायची की सरबत, यावर दोघे हमरीतुमरीवर आले. मी मात्र बाबांकडे वळले. मी दिलेल्या मापांनी तो रेणू बसणं शक्यच नव्हतं.

"बाबा, हा बसला कसा?"

"बसत नव्हता. भोक चार सूत तासलं."

सरांनी रेणू अलगद टेबलावर ठेवला.

"काका," सर कसेबसे म्हणाले, "ते भोक माणसाच्या शरीरात असतं. तिथे पटाशी चालत नाही."

"मग हे आधी सांगायचं कोणी?" बाबांचा आवाज चढला. "कुलूप तासायचं नाही, तर किल्ली तासा! हे शेपूट कशाला ठेवलंय, वारा घालायला?"

"काका, त्या शेपटावर माझी पीएचडी आहे!"

"असेल. पण आडवं येतंय."

समितीच्या बाईंनी चष्मा पुसला. "शेपूट कापून पाहिलंत कधी?"

रसायनवाल्याने लाकडी शेपूट मुठीत झाकलं.

"सहा महिने देते," बाई म्हणाल्या. "कापून या."

परतताना बसमध्ये बाबा बोलू लागले, ते थांबेचनात. मी मापं अर्धवट देते. काम समजावता येत नाही. एवढं शिकून उपयोग काय? "तुझी आई गिऱ्हाईक आलं की पहिलं हेच विचारायची, यातलं काय हलवायचं नाही ते सांगा. तुला साधं तेवढं सुचू नये?"

चौदा थांबे माझी खरडपट्टी चालली होती. आमचं घर पाचव्या थांब्यावर आहे.