गायकवाडबाईंची भिंत

गायकवाडबाईंच्या अंगणात चेंडू गेला की तो परत मिळतो, पण तोंडी परीक्षा दिल्यावर. इतर घरांतल्या बायका चेंडू लपवतात, फारच चिडल्या तर विळीवर चिरतात. बाई तो काखेत धरून दारात उभ्या राहतात. "कुणी मारला? कोणत्या पायानं? आणि समोर गोल मोकळा असताना आभाळाकडं का मारला?" उत्तर पटलं तर चेंडू लगेच हातात. नाही पटलं तर विचार करून पुन्हा यायचं.

एकदा माझी पाळी आली. बँकेतून येताना मैदानावर पोरांनी हाक मारली आणि मीही हौसेनं एक लाथ घातली. चेंडू थेट बाईंच्या तुळशीत. मी म्हणालो, "बाई, अंदाजानं मारला हो."

"अंदाजानं माणूस लग्न करतो, मानेसाहेब. पास अंदाजानं देत नाहीत."

माझी बायको शेजारीच उभी होती. तो विषय आमच्या घरात अजून संपलेला नाही.

बाई जन्मभर पालिकेच्या शाळेत होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडात स्वच्छ, इस्त्री केलेली मराठी. पण संध्याकाळी गच्चीवर उभ्या राहून खेळ बघू लागल्या की इस्त्री मोडायची. "आगं, लाइन सोडू नकोस की! कुटं निगालीस? गोल तिकडं हाय!" आमच्या पेठेतल्या यंत्रमागांच्या खडखडाटावरून तो आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा.

या बाईला फुटबॉलचं हे वेड कुठून लागलं, याचं मला फार कुतूहल. कुणी म्हणे, त्यांचे मिस्टर गोलकीपर होते. पण मी त्यांना ओळखत होतो. ते पोस्टात होते, आणि उन्हात गेलं की त्यांना चक्कर यायची. शेवटी मी बाईंनाच विचारलं.

"शाळेत पी.टी.ला शिक्षक नव्हता. हेडमास्तरांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. क्रिकेट काढलं तर बॅट पाहिजे, स्टंप पाहिजेत, आणि एक पोर खेळतं, बाकीची बघत बसतात. फुटबॉलला एक चेंडू लागतो, आणि सगळा वर्ग पळतो. आमच्या शाळेला तेवढंच परवडत होतं. मग मलाच त्याची गोडी लागली."

आमच्या ओळीतल्या घरांच्या मागच्या भिंती हीच मैदानाची त्या बाजूची हद्द. ते मैदान एका फुटबॉल क्लबकडे होतं, आणि क्लबचे मालक शहाणे बंधू. शहाणे हे आडनाव. पालिकेचं म्हणणं, जमीन आमची, क्लबला वापरायला दिली होती, मुदत संपली, आता परत करा. शहाण्यांचं म्हणणं, आजोबांनी खडक फोडून जागा सपाट केली, बसायच्या पायऱ्या बांधल्या, तेव्हा स्टेडियम आमचं. प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही बाजूंना वाटत होतं, बाई आपल्या. पालिकेची पेन्शन घेतात म्हणून पालिकेला, आणि क्लबच्या मुलींना शिकवतात म्हणून शहाण्यांना. बाई दोघांनाही एकच विचारायच्या, "जमीन यांची, पायऱ्या त्यांच्या. मग मधल्या जागेत पळायचं कुणी?"

एका सकाळी फाटकाला दोन कुलपं दिसली. एक पालिकेचं, एक शहाण्यांचं. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यानं आत जाऊ नये, एवढाच दोघांचा हेतू. त्यामुळे कुणीच आत जाईना.

मुलींची जिल्ह्याची निवडचाचणी तोंडावर आली होती. त्यांची कप्तान रेश्मा बाईंच्या पायरीवर येऊन बसली. खेळू द्यायला वडिलांना मोठ्या मिनतवारीनं राजी केलेली पोर. "बाई, अब हमे किधर खेलना?" म्हणाली आणि बूट काढून मांडीवर घेऊन बसली.

चार दिवस बाई दोन्हीकडं फिरल्या. पालिकेत त्यांना खुर्ची मिळाली, शहाण्यांकडं सरबत मिळालं. किल्ली कुठंच मिळाली नाही.

पाचव्या दिवशी मागून ठोकण्याचा आवाज आला म्हणून मी परसात गेलो. यल्लप्पा गवंडी बाईंची मागची भिंत फोडत होता आणि बाई शेजारी उभ्या राहून "अजून थोडी रुंद" म्हणत होत्या. धूळ खाली बसली, तर भगदाडातून अख्खं मैदान दिसायला लागलं. रेश्मा सगळ्यांत आधी आत गेली, मागोमाग सगळ्या पोरी. माझीही भिंत तिथंच होती. मी तिला जरा हात लावून पाहिला आणि घरात परत आलो.

बातमी पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी थोरले शहाणे आणि पालिकेचे साहेब एकाच वेळी बाईंच्या अंगणात हजर.

"बाई, हे विनापरवाना बांधकाम आहे," साहेब म्हणाले.

"बांधकाम? मी पाडकाम केलंय."

"पण भिंत..."

"भिंत माजी हाय. पायासकट. कुणाचा दावा असंल तर आत्ताच सांगा. गवंडी हितंच हाय, उरलेलीबी पाडते."

यल्लप्पानं लगेच पहार उचलली. शहाणे दोन पावलं मागं सरले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तसं नव्हे. मुली बंद मैदानात खेळतायत. उद्या कुणाचा हातपाय मोडला तर जबाबदार कोण?"

"मालक," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा पालिकेनं आणि शहाण्यांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

बाईंनी तिथंच दोघांना चहा दिला. पोरी समोर खेळत होत्या. चहा संपेपर्यंत ठरलं, की दावा कोर्टात चालू दे, तोवर फाटक सकाळ-संध्याकाळ उघडं ठेवायचं. कागद फिरून दोन्ही कुलपं निघायला आणखी आठवडा गेला, तोवर पोरी बाईंच्या घरातूनच ये-जा करत होत्या. दावा अजून चालू आहे. चाचणी झाली, रेश्माची निवड झाली, आणि ती शिबिरासाठी पुण्याला गेली. जाताना तिचे वडील बाईंना भेटून गेले.

बाकी मुली फाटकातून जाऊ लागल्या. बाईंनी भगदाड बुजवण्यासाठी विटा आणवून घेतल्या. यल्लप्पा आला, तर म्हणाल्या, "आज नको." पुन्हा आला, तर म्हणाल्या, "अमावस्या आहे." अमावस्या मानणाऱ्या मुलांचे कान पिळलेली ही बाई! मला राहवेना.

"बाई, भिंत बांधायची नाही का?"

त्या पायरीवर बसल्या होत्या. अंगण लख्ख झाडलेलं होतं.

"त्या दिवसांत हितं चपला मावत नव्हत्या, मानेसाहेब. दार कुणी वाजवायचंच नाही. तशाच आत. बाई, पाणी. बाई, वेणी घाला. एकीनं तर माझ्या ताटातली भाकरी उचलली, शेंगाचटणीसकट." त्या हसल्या. "पोराचा फोन येतो की रविवारी, कॅनडातनं. न्हाई असं न्हाई. पण ताटात हात घालणारं कुणी..." मग म्हणाल्या, "आता फाटकातनं जातात. बरोबरच हाय. फाटक त्याच्यासाठीच असतं."

यल्लप्पा विटांवर बसून ऐकत होता. "मग बाई, विटा न्हेऊ परत?"

बाई उठून भगदाडाशी गेल्या.

"दोन्ही बाजू नीट बांधून घे. मधी दार बसव."

"बसवतो की. कडी कुटल्या अंगाला लावू? आतनं का मैदानाकडनं?"

"कडी नगं," बाई म्हणाल्या.