दुप्पट देणारं तळं

गोष्ट सांगावी तर आनंदरावांनीच! वरवंडजवळच्या त्या वाडीत असं फक्त एकच माणूस म्हणायचा, आणि ते म्हणजे खुद्द आनंदराव. त्यामुळे शाळेच्या तेजश्री मॅडमनी जेव्हा विचारलं, "शनिवारी मुलांना एखादी लोककथा सांगाल का? दानत आणि हाव, असा विषय आहे," तेव्हा आनंदरावांनी कपाटातून फेटाच काढला!

"आवं, दुपारी तीनला शिक्रापूरचं पाव्हनं यायचंत आपल्या लेकीला, सायलीला बघायला," त्यांची बायको ताईबाई करवादली. "पोरगा रांजणगावला कंपनीत परमनंट हाय. असं स्थळ दारात आलंय आन् तुम्ही गोष्टी सांगत हिंडताय व्हय?"

"अर्ध्या तासाचं काम! पोरांस्नी दानत शिकवतो आन् आलोच!"

शाळेत तीस-पस्तीस पोरं मांडी घालून बसली होती. पुढच्याच रांगेत आनंदरावांची आठ वर्षांची नात पिंकी. आनंदरावांनी घसा असा खाकरला, की दारातली शेळी दचकून उठली.

"पोरांनो, हे आपल्या वाडीचं तळं हाय का न्हाई, त्ये पूर्वी भांडी द्यायचं! कुनाकडं लगीन निघालं, की तळ्याला हळदकुंकू वाह्यचं, किती पानं उठनार त्ये सांगायचं. सकाळी काठावर भांडी हजर! लगीन उरकलं की घासूनपुसून परत पान्यात सोडायची."

"भाडं न्हाई?" एकानं विचारलं.

"फुकट! पन एका हावरटानं एक पळी घरात ठिवून घेतली. तळं रुसलं! तवापासनं एक चमचा दिला न्हाई त्यानं."

"कोन त्यो हावरट, आबा?" पिंकी ओरडली.

खरं तर इथे गोष्ट संपत होती. पण आनंदरावांचं आणि भावकीतल्या हौशीरामाचं बांधावरून वीस वर्षं वाकडं होतं. जीभ वळवळली! "नाव घेत न्हाई. पन त्याच्या नातवाच्या दारात आज लाल ट्रॅक्टर हुभा हाय!"

वाडीत लाल ट्रॅक्टर एकच. पोरांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या ऐकून आनंदराव पाणी पाजलेल्या उसासारखे तरारले आणि गोष्टीत नसलेलं शेपूट जोडून मोकळे झाले. "पन तळ्याचा राग जानार! ज्या दिशी गाव मन मोठं करंल, घरातली भांडी तळ्याला दील, त्या दिशी तळं दुप्पट परत करंल! दुप्पट!"

मॅडमनी आभार मानले. शाळा सुटली. आनंदराव पेढे आणायला वरवंडला गेले. ताईबाई सायलीला घेऊन तिथल्याच पार्लरात गेली. बाकी वाडी कांदा काढायला रानात. घराघरांत उरली ती फक्त पोरं!

दोन वाजता आनंदराव परतले. तहान लागली म्हणून माठाकडे गेले, तर तांब्या नाही. फुलपात्र नाही. फडताळ उघडलं, तर त्यात एक पाल तेवढी होती. कुकर नाही, परात नाही, उलथनंसुद्धा नाही!

"चोर!" आनंदराव अंगणात आले. मागोमाग वरवंडहून परतलेल्या ताईबाईनं स्वयंपाकघर पाहिलं आणि तिथेच बसकण मारली. "आता पाव्हन्यांना पोहं काय माझ्या वंजळीतनं देऊ?"

तेवढ्यात हौशीराम तरातरा आला. "आन्द्या! माझ्या घरात चहाचं पातेलं ऱ्हायलं न्हाई! सकाळी शाळंत माझ्या आज्याला चोर म्हनलास, आन् दुपारी घर धुतलंस माझं?"

"मी? आरं, माझंच घर धुतलंय! कुनी, त्ये दिसतंयच!"

"कोन दिसतंय? बोल!"

"सवय रक्तातच असती एकेकाच्या!"

हौशीरामानं बाही सरसावली. आनंदरावांनी फेटा सावरला. एवढ्यात गुडघाभर चिखलात माखलेली पिंकी नाचत आली. "आबा, झालं! समद्यांनी मन मोठं केलं!"

"काय केलं?"

"तळ्यात सोडली भांडी! आपली तर एकूनएक! पाव्हनं येनार ना, मग दुप्पट नको का? आज्जीच्या मिक्सरचं भांडंपन टाकलं. दोन येतील आता!"

तळ्याकाठी जत्राच भरली होती. बाया पदर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरलेल्या, पोरं काठावर हात जोडून दुप्पट व्हायची वाट बघत बसलेली. "माझा डबा!" "त्यो माझा, चेपलेला!" "आधी त्या गोष्टीवाल्याला बुडवा कुनीतरी!" आनंदराव धोतर खोचून पाण्यात शिरले, चिखलात रुतले, आणि हाताला लागेल ते वर फेकू लागले. नेमकी तेव्हाच काठावर पांढरी गाडी येऊन थांबली. घरी कुणी नाही म्हणून पाहुणे हुडकत थेट तळ्यावरच आले होते!

आनंदरावांनी पाण्यातूनच नमस्कार केला. हातात झारा होता.

आणि त्याच क्षणी हौशीरामानं तळातून एक भलंमोठं तांब्याचं पातेलं ओढून काढलं. शंभर माणसांचा भात शिजेल असं!

"त्ये आमचं!" पिंकी ओरडली. "कोठीमागं हुतं. आमी चौघींनी गडगडवत आनलं!"

हौशीरामानं कडेवरचा चिखल अंगठ्यानं पुसला. वाकून वाचलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा वाचलं. "कोंडिबा रानोजी, सन एकोनीसशे एक्क्याऐंशी." त्यानं मान वर केली. "कोंडिबा म्हंजी माझा बाप."

पाण्यातल्या बाया भांडी सोडून आनंदरावांकडे वळल्या.

"पस्तीस वर्सं झाली," ताईबाई म्हणाली. "आमच्या लग्नाला आनलं हुतं. म्या दर दिवाळीला म्हनते, देऊन या. तर म्हनत्यात, त्यांनी मागितलंय का?"

"ध्यानात ऱ्हायलं न्हाई," आनंदराव पुटपुटले.

पिंकीनं कपाळाला आठी घातली. "आबा, म्हंजी त्यो हावरट तुम्हीच व्हय?"

पहिल्यांदा हसले ते पाहुण्यांतले, नवऱ्या मुलाचे आजोबा. मग हौशीराम. मग पाण्यातल्या बाया. सायलीनं तोंडावर ओढणी धरली, पण खांदे हलत होते. मुलगा तिच्याकडे बघत होता, तोही हसत होता.

हौशीरामानं पातेलं खांद्यावर घेतलं. "पाव्हनं, चला माझ्या घरी. सायली मलाबी पोरीसारखीच. ह्यातच भात टाकू. आन्द्या, तूबी ये. जेवायला काय, मागितल्याबिगर येतोसच तू."

सगळ्या वाडीसमोर आनंदराव ओल्या धोतरानं त्याच हौशीरामाच्या दारात पंगतीला बसले. भात चांगला झाला होता. आनंदरावांनी तो मान खाली घालूनच खाल्ला. जेवण उरकलं आणि तिथेच सुपारी फुटली.

महिन्याभरानं आनंदराव सायलीच्या रुखवताची भांडी घ्यायला दौंडला गेले. दुकानदारानं पातेली मांडली, नाव कोरायचं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "काय नाव टाकू, आबा?"

आनंदरावांनी आजूबाजूला पाहिलं.

"नाव ऱ्हाऊ दे बाबा," ते हळूच म्हणाले. "भांड्यावरचं नाव लई वर्सांनीबी बोलतं. कोरीच दे!"