फुग्याची दाढी

अहो, लांबूनच काय हात करता? या, जवळ बसा. लिफ्टच्या दारात एक पाय ठेवून "काकू, बऱ्या ना?" विचारायचं, ही कुठली पद्धत? बसा आणि ऐका. आमचे हे हल्ली रोज फुग्याची दाढी करतात.

हसू नका. बेलापूरच्या कचेरीत अख्खी नोकरी झाली, पण स्वतःच्या शर्टाची घडी कधी घातली नाही. आता सलूनमधला तो वस्तरा आणलाय, अर्धं ब्लेड घालायचा. नवशिके म्हणे फुग्यावरच शिकतात. फेस फासायचा आणि फुगा न फोडता तो काढायचा. फुटला की फेस थेट माझ्या देव्हाऱ्यावर! आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत यांचं नाव पडलंय 'फुगेवाले काका'.

त्याचंही काही नाही हो. पण फुग्याशी बोलतात! "हळू, राणी. घाबरू नकोस." एवढ्या संसारात मला कधी राणी म्हटलं नाही. मी म्हटलं, "त्या रबराला राणी, मग मी कोण?"

"तू हलतेस फार," म्हणाले.

मग एकदा वस्तरा रुमालात गुंडाळून निघाले. "करंजाड्याला नानांकडे जाऊन येतो." नाना म्हणजे यांचे थोरले भाऊ. झटका आल्यापासून अंथरुणावर.

"मी पण येते," म्हटलं. बघू तरी, कोणासाठी एवढी तयारी!

तिथे कळलं. नाना जन्मभर वस्तऱ्याचीच दाढी केलेले. साधं रेझर जवळ आणलं की तोंड फिरवतात. घरी न्हावी बोलवावा, तर परक्यासमोर लाळ गळते म्हणून लाजतात. यांनी फेस लावला, लोंबणारा गाल दोन बोटांनी ताणला आणि श्वास धरून वस्तरा फिरवला. नानांनी डोळे मिटून घेतले.

"बाळ्या, कल्ले सारखे ठेव," अर्ध्या ओठांनी म्हणाले. पुसून झाल्यावर यांचं मनगट सोडेनात. "उद्या?"

"येतो की."

परतताना रिक्षात बसलो. खरं सांगू? तरी जळलेच. या हातांत इतकी माया होती, आणि ती सगळी करंजाड्याला निघाली! आता रोज सकाळी हे तिकडेच. मी मात्र सवयीने दोन कप चहा टाकते, अन् एक तसाच निवतो.

तुम्ही या ना एखाद्या सकाळी. लवकर या.