नाटकातल्या बापाला सल्ला

मोंडकरकाका नाटकातल्या माणसांना सल्ला देतात. मनातल्या मनात नाही, चांगला ऐकू जाईल असा. त्यांच्या मते ते हळूच देतात. पण अडतीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाचं 'हळूच' बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेलाही पुरून उरतं.

एकदा एका रहस्यनाटकात इन्स्पेक्टर बिचारा पहिल्या अंकापासून खुनी शोधत होता. काकांनी त्याला कपाटाकडे बघायला सांगितलं. खुनी कपाटातच होता. उरलेला पाऊण तास इन्स्पेक्टरने कपाटाकडे पाठ करून कसा काढला, त्याचं त्यालाच ठाऊक. मग बॅले झाला. त्यात एक मुलगी अंगठ्यावर गरगर फिरत होती. "बस गो बाय जरा, बेअरिंग तापात," असं काका कळवळून म्हणाले. माणसांचं सगळं त्यांना इंजिनाच्या भाषेतच कळतं. कोणाचं बिनसलं की त्यांचं निदान एकच, "वेळेवर तेल घातला नाय."

बॅलेनंतर थिएटरकडून अत्यंत सभ्य भाषेत तिसरी तक्रार आली. काका सिंगापूरच्या बेडोक भागात आपल्या मुलीकडे, शर्वरीकडे राहतात. समोरच्या फ्लॅटमध्ये मी. शर्वरीने निकाल दिला की आता एक जरी तक्रार आली तर नाटक कायमचं बंद, घरी बसून टीव्हीला सल्ले द्यायचे. काका हादरलेच. सकाळी हॉकर सेंटरवरची कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, आणि महिन्याचं एक नाटक, याखेरीज त्या माणसाला सिंगापुरात दुसरं काहीही नव्हतं. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या होत्या. शेवटी मला जामीन राहावं लागलं. पुढच्या नाटकाला मी शेजारी बसायचं आणि काकांचं तोंड बंद ठेवायचं. रॅफल्स प्लेसच्या बँकेत मी एवढे प्रोजेक्ट सांभाळतो, पण असलं अवघड काम मला कोणी दिलं नव्हतं.

ते नाटक अमेरिकेतलं, जुनं, गाजलेलं. एक घर, सदा बाहेरगावी असणारा रेल्वेतला बाप, घर ओढणारी आई आणि एक मुलगी. आजवर ते गोऱ्या नटांनीच केलेलं. या खेपेला तिकडून आलेल्या कंपनीत सगळे नट आफ्रिकन-अमेरिकन होते. खालच्या मजल्यावरच्या देवधरांनी लिफ्टमध्ये शंका काढली, की मूळ घर गोऱ्यांचं, मग हे कसं काय पटायचं? काका म्हणाले, "आमच्या दशावतारात दिवसभर भात लावलेलो माणूस रात्री राजा व्हायचा. तुझा राज्य खंय, असा कोणी इचारला नाय त्याका." देवधर दोन मजले आधीच उतरले.

शनिवारी दुपारच्या प्रयोगाला काका इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. खबरदारी म्हणून दोन्ही गालांत एकेक आवळासुपारी भरली होती. नात म्हणाली, "आजोबा, टुडे कॅनॉट टॉक, लाह." काकांनी मान डोलावली. बोलायची सोयच नव्हती.

पहिला अंक निर्विघ्न पार पडला. बापाचं काम करणारा नट उंचापुरा, भरदार आवाजाचा होता. बॅग घेऊन तो दारात उभा राहिला तेव्हा काकांनी नुसतं माझं मनगट दाबलं. दुसऱ्या अंकात बाप म्हातारा होऊन कायमचा घरी आला. मुलगी आता मोठी झालेली. टेबल पुसता पुसता ती थांबली आणि तिने विचारलं, इतकी वर्षं तुम्ही होतात कुठे?

बाप गप्प. अख्खं थिएटर गप्प. नटाने तो क्षण असा काही ताणून धरला की मीही काकांना विसरलो. नेमकं तेव्हाच शेजारून सुपारी गिळल्याचा आवाज आला.

"से सॉरी, मॅन," काका म्हणाले. "जस्ट से सॉरी."

एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, की समोरचा माणूस अमेरिकन आहे याचं भान ठेवून त्यांनी सूचना इंग्रजीत केली होती. पाच-सातशे माणसं वळली. नटाने क्षणभर आमच्याकडे पाहिलं, ओठ हलवल्यासारखं केलं, आणि मग जसं लिहिलं होतं तसं हॅट उचलून तो आत निघून गेला. टॉर्च घेऊन बाई येण्याआधीच काका उठले होते.

बाहेर बाकावर बसल्यावर मी चांगलाच तापलो. नाटक गेलं, जामीनकी गेली, एवढं साधं कळत नाही का, वगैरे वगैरे. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"शर्वरीने पण इचारला होता," ते म्हणाले. "लग्नाच्या आदल्या दिवशी. बाबा, तुम्ही होतात खंय? मी आपलो बंदरांची नावां सांगत बसलंय. रॉटरडॅम, डर्बन, सँटोस. एकूण एक सांगितली."

आम्ही एमआरटीची मेट्रो पकडली. थिएटरवाल्यांना काय सांगायचं, शर्वरीला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. बेडोक येईपर्यंत एक बऱ्यापैकी थाप तयारही झाली होती.

ती वापरायची वेळच आली नाही. शर्वरीने दार उघडलं आणि काका चपला न काढताच म्हणाले, "सॉरी गो बाय."

"ओरडलात ना परत?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. मी चपलांकडे बघितलं.

"ओरडलंय. नाटक बंद कर होया तर. पण सॉरी त्याच्यासाठी नाय."

कशासाठी, हे शर्वरीने विचारलं नाही. दार धरून ती तशीच उभी राहिली, आणि तिची हनुवटी लहान मुलीसारखी थरथरायला लागली. मग तिने मला विचारलं, की त्या नाटकाचा शेवट काय होतो. मला कुठे माहीत होतं? आम्ही मधेच उठून आलो होतो.

"मग उद्याची दोन तिकिटं काढा," ती म्हणाली. "मी बसते बाबांशेजारी."